परसातील खुराड्याची गादी : निवड आणि निगा

शेतीला जोड म्हणून दोन-चार शेळ्या आणि पाच-दहा कोंबड्या बाळगण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात फार जुनी आहे. या कोंबड्यांपासून मिळणारे उत्पन्न आकड्यांत लहान दिसते. परंतु ते बहुधा घरातील स्त्रीच्या हाती थेट पडते, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. मुलाची वही, आजारी माणसाचे औषध, बाजाराच्या दिवशीचे मीठमिरची अशा गरजा सावकाराकडे न जाता भागतात, त्या पुष्कळदा अंड्यांच्या पैशांवर. मुलांच्या आहारात प्रथिने येतात, तीही याच वाटेने.

या व्यवसायास चालना मिळावी म्हणून राज्यात पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे स्थापन करण्यात आली. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेखाली ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असे गट, तसेच एक दिवस वयाच्या १०० पिल्लांचे गट अनुदानावर देण्यात आले. गिरिराज, वनराज, कावेरी यांसारखे परसात वाढणारे सुधारित पक्षीही अनेक गावांत पोहोचले.

पक्षी पोहोचले; पण ते टिकले किती, हा खरा प्रश्न आहे. मृग नक्षत्र लागते, पावसाची झड सुरू होते आणि कोंबड्या मरू लागतात, हा अनुभव अनेक खेड्यांत सांगितला जातो. मग दोष कधी जातीला दिला जातो, कधी खाद्याला, कधी लसीला. ही कारणे असू शकतात, नाही असे नाही. परंतु ज्या जमिनीवर पक्षी रोज रात्रीचे ११-१२ तास आणि झडीच्या दिवसांत जवळजवळ संपूर्ण दिवस काढतो, ती जमीन कशी आहे याची चौकशी क्वचितच होते. पुष्कळशा आजारांची सुरुवात तेथेच होत असते. खुराड्याच्या जमिनीवर अंथरावयाच्या थराला, म्हणजेच गादीला, कुक्कुटपालनात किती महत्त्व आहे, तिच्यासाठी काय वापरावे आणि ती कशी राखावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

गादीचे कार्य

गादी ही कोंबडीच्या सुखासाठी केलेली शय्या आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो अपुरा आहे. गादीचे पहिले काम ओल शोषून घेण्याचे. दुसरे काम ती ओल पुन्हा हवेत सोडून देण्याचे. तिसरे काम विष्ठा आपल्यात मिसळून घेऊन पक्ष्याचा तिच्याशी होणारा थेट संबंध कमी करण्याचे. चौथे काम थंड जमिनीपासून पक्ष्याचे संरक्षण करण्याचे. याखेरीज उकरणे हा कोंबडीचा उपजत स्वभाव आहे. त्यालाही गादीमुळे वाव मिळतो आणि पक्षी एकमेकांची पिसे उपटण्याच्या वाईट सवयीपासून काही अंशी दूर राहतात.

यांपैकी पहिली दोन कामे परस्परांवर अवलंबून आहेत. ओल शोषणारा पण ती न सोडणारा पदार्थ चांगली गादी होऊ शकत नाही. ओले झालेले पोते ज्याप्रमाणे कोपऱ्यात पडून कुजते, त्याप्रमाणे अशी गादीही कुजते. गादी निवडताना आणि राखताना हे सूत्र सतत ध्यानात ठेवावयास हवे.

गादी ठरावीक दिवसांनी काढून न टाकता तीच हलवत व वाढवत नेण्याची पद्धत अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषी संशोधन केंद्रातील केनार्ड आणि चेंबर्लिन या संशोधकांनी १९४० ते १९५० या दशकात अभ्यासली. त्यापूर्वी आठवड्या-पंधरवड्याने गादी बदलणे हीच उत्तम रीत मानली जात असे. नीट राखलेल्या जुन्या गादीत उपकारक सूक्ष्मजीव वाढतात, विष्ठेचे विघटन होते आणि पक्ष्यांची प्रकृती चांगली राहते, असे या अभ्यासातून दिसून आले. आपल्याकडे ‘डीप लिटर’ अथवा गादी पद्धत म्हणून जी ओळखली जाते, ती हीच. मात्र ‘नीट राखलेल्या’ हे दोन शब्द वगळून ही पद्धत अमलात आणली, तर ती पद्धत न राहता निव्वळ हेळसांड होते.

ओलाव्याचे गणित

गादी ओली का होते, हे समजण्यास थोडे गणित उपयोगी पडेल. अंड्यावर असलेली पूर्ण वाढीची कोंबडी दिवसाकाठी साधारणपणे १०० ते १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. कोंबडीला स्वतंत्र मूत्र नसते. मूत्राचा अंश विष्ठेबरोबरच पांढऱ्या थराच्या रूपाने बाहेर पडतो.

२५ माद्या आणि ३ नर अशा गटाचा विचार केल्यास दिवसाची विष्ठा सुमारे २ किलो ८०० ग्रॅम होते. पक्षी दिवसा मोकळे सुटतात असे धरून तिचा अर्धाच भाग खुराड्यात पडतो असे मानले, तरी १ किलो ४०० ग्रॅम विष्ठा रोज गादीवर पडते. तिच्यातील पाणी १ लिटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे कोणी रोज रात्री एक तांब्या पाणी खुराड्यात ओतावे, तसाच हा प्रकार आहे.

उन्हाळ्यात हे पाणी दुसऱ्या दिवशी उडून जाते. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने ते उडत नाही. अशा गटासाठी सुमारे ५० किलो कोरडे भाताचे तूस अंथरले आहे आणि ओल मुळीच उडून जात नाही असे गृहीत धरले, तर पंधरवड्याच्या सुमारास गादीतील ओलाव्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर जाते. त्यापुढे गादी चिकट होऊन तिच्या ढेपा बनू लागतात. जूनमध्ये सुरू झालेली झड आणि जुलैमधील मरतूक यांचा संबंध येथे आहे. छपराचे गळणे, वळचणीचे पाणी आत येणे किंवा पाण्याचे भांडे कलंडणे यांची भर पडली, तर पंधरवडाही लागत नाही.

नाक आणि मूठ : दोन सोप्या परीक्षा

गादीची परीक्षा घेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. नाक आणि मूठ एवढी साधने पुरेशी आहेत.

विष्ठेतील युरिक आम्लाचे सूक्ष्मजीवांकडून विघटन होऊन अमोनिया वायू निर्माण होतो. ओल आणि ऊब मिळाली की ही क्रिया वेगाने होते. हवेच्या १० लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला, तरी तो पक्ष्यांस अपायकारक समजला जातो. त्यांचे डोळे चुरचुरतात व त्यांतून पाणी येते. श्वासनलिकेच्या आतील बाजूस असलेले सूक्ष्म केसासारखे तंतू, जे धूळ व जंतू बाहेर लोटतात, ते दुबळे होतात आणि श्वसनाच्या आजारांना वाट मोकळी होते. वाढ खुंटते, अंडी घटतात. रोग दिसतो तो नंतर. त्याची पूर्वतयारी हवेने आधीच केलेली असते.

अमोनियाचा वास नाकास चटकन जाणवतो. परंतु रोज तोच वास घेणाऱ्यास त्याची सवय होऊन जाते. म्हणून खुराड्याच्या मालकापेक्षा पाहुण्याचे नाक अधिक विश्वसनीय ठरते. परीक्षा सकाळी, खुराडे उघडताक्षणी घ्यावी. उभ्याने न घेता खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक आणून घ्यावी. कारण पक्षी श्वास घेतो तो तेथे. डोळ्यांना चुरचुर जाणवली, तर गादीची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा मुठीची. खुराड्याच्या मध्यावरून, पाण्याच्या भांड्याजवळून आणि बसण्याच्या दांडीखालून अशा तीन ठिकाणची गादी घ्यावी व मुठीत घट्ट दाबावी. मूठ उघडताच गादी हलकेच धरून राहून लगेच विस्कटली, तर ओलावा योग्य, म्हणजे साधारण २० ते ३० टक्के आहे. तिचा मुटका तसाच राहिला, तर ती ओली आहे. मुळीच न धरता ती बोटांमधून निसटली आणि धूळ उडाली, तर ती फाजील कोरडी आहे. फार कोरडी गादीही चांगली नव्हे. तिच्या धुळीने पक्ष्यांना व माणसांनाही श्वसनाचा त्रास होतो. परीक्षा झाल्यावर साबणाने हात धुण्यास विसरू नये.

गादीसाठी कोणता पदार्थ निवडावा

उत्तम गादी ती, जी हलकी असते, ओल शोषते व सोडते, बुरशीमुक्त असते, पक्ष्याने थोडी खाल्ली तरी अपाय करीत नाही आणि गावाजवळ स्वस्तात मिळते. शेवटची अट दुय्यम मानू नये. दुरून विकत आणावी लागणारी गादी गरीब कुटुंब वेळेवर बदलीत नाही. म्हणून निवड प्रदेशपरत्वे करावी.

भाताचे तूस : कोकण, मावळपट्टी आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भातपिकाच्या जिल्ह्यांत हे गिरणीवर उपलब्ध होते. ते हलके असते, त्याच्या ढेपा लवकर होत नाहीत आणि त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने ते लवकर कुजत नाही. पिल्लेही ते फारसे खात नाहीत. परसातील खुराड्यास हा सर्वांत सोयीचा पदार्थ होय. वीटभट्ट्या व बाष्पके यांच्याकडूनही त्याला मागणी असते. म्हणून साठा वेळीच करावा.

लाकडाचा भुसा व ढलप्या : सुताराच्या रंध्याखाली पडणाऱ्या पातळ ढलप्या गादीसाठी उत्कृष्ट असतात. करवतीचा बारीक भुसा ओल चांगली शोषतो. परंतु लहान पिल्ले तो खाद्य समजून खातात व त्यांची अन्नाची पिशवी तुंबते. मोठ्या पक्ष्यांसाठी तो तुसात मिसळून वापरावा. रंगविलेल्या, प्लायवूडच्या अथवा वाळवीप्रतिबंधक औषध लावलेल्या लाकडाचा भुसा कदापि वापरू नये.

भुईमुगाची टरफले : ज्या भागांत शेंगा फोडण्याची यंत्रे आहेत, तेथे ही मुबलक मिळतात. अखंड टरफलांपेक्षा भरडलेली टरफले ओल अधिक शोषतात. मात्र भिजलेल्या टरफलांवर बुरशी फार लवकर धरते. काळे डाग किंवा कुबट वास असलेली टरफले खुराड्यात नेऊ नयेत.

उसाचे चिपाड : साखरपट्ट्यात व गुऱ्हाळांजवळ हे सहज मिळते. ते शोषक आहे. पण त्यात साखरेचा अंश शिल्लक असल्याने ओले राहिल्यास आंबते व बुरसते. कडक उन्हात पूर्ण वाळवून आणि बारीक करूनच ते वापरावे.

पेंढा, गव्हाचा भुसा व सोयाबीनचे कुटार : मराठवाडा व विदर्भात हे पदार्थ घरचेच असतात. लांब पेंढा तसाच अंथरल्यास त्याची चटई बनते व तिच्याखाली ओल कोंडते. तो दोन इंचांचे तुकडे करून घालावा आणि इतर पदार्थांपेक्षा अधिक वेळा हलवावा. जनावरांची वैरण कमी पडत असेल, तर मात्र कोंबड्यांच्या पायांखाली ती घालणे शहाणपणाचे नाही.

काथ्याचा भुसा : सिंधुदुर्ग, रत्नागिरी या नारळाच्या भागांत हा मिळू शकतो. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी तो धरून ठेवतो. पण ते लवकर सोडत नाही. म्हणून पावसाळ्यात एकट्याने न वापरता तुसात मिसळावा.

वाळू : कमी पावसाच्या भागात स्वच्छ, कोरडी वाळू उपयोगी पडते. ती कुजत नाही व चाळता येते. मात्र थंडीत ती गार पडते आणि तिच्यापासून खतासाठी कोणताही सेंद्रिय अंश मिळत नाही.

पदार्थ कोणताही असो, बुरशीची परीक्षा अनिवार्य आहे. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास लहान पिल्ले धापा टाकून मरतात. असा पदार्थ उन्हात वाळविला, तरी हे कण नाहीसे होतात असे समजू नये. तो खताच्या खड्ड्यातच टाकावा.

आधी छप्पर, मग गादी

गादी कितीही चांगली असली, तरी गळक्या छपराखाली ती टिकणार नाही. म्हणून रोहिणी नक्षत्राच्या सुमारासच खुराड्याची पाहणी करावी. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट उंच असावे. वळचण पुढे काढलेली असावी, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी पावसाची झड आत येत नाही. पागोळ्यांचे पाणी वाहून जाण्यासाठी भोवती चर खणावा. जमीन मातीची असल्यास ती चोपून घट्ट करावी.

पावसाळ्यात थंडी व पाऊस अडविण्यासाठी खुराडे चारही बाजूंनी गोणपाटाने बंद केले जाते. हेतू चांगला असला, तरी परिणाम वाईट होतो. कोंडलेल्या हवेत ओल व अमोनिया दोन्ही साठतात. पक्ष्यांच्या उंचीइतका खालचा भाग झाकावा. छपराखालचा वीतभर भाग मात्र जाळी लावून सदैव उघडा ठेवावा. उबदार, दमट हवा वर चढते व तेथून बाहेर पडते.

गर्दीचाही विचार आवश्यक आहे. पूर्ण वाढीच्या प्रत्येक पक्ष्यास सुमारे २ चौरस फूट जागा धरल्यास २८ पक्ष्यांस ५६ चौरस फूट, म्हणजे ७ फूट लांब व ८ फूट रुंद खुराडे लागते. याच्या निम्म्या जागेत तेच पक्षी कोंबले, तर गादीवर पडणारी ओल दर चौरस फुटास दुप्पट होते आणि कोणतीही निगा अपुरी पडते.

गादी घालण्याची रीत

गादी घालण्यास कोरडा हंगाम उत्तम. पावसाळ्याच्या निदान दोन महिने आधी घातलेली गादी पाऊस येईपर्यंत मुरते व तिच्यातील सूक्ष्मजीव कार्यक्षम होतात. प्रथम रिकामे खुराडे खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावे. भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी. जमिनीवर चुन्याची पातळ फक्की पसरावी. ती कोरडी झाल्यावर तूस अंथरावे.

पिल्लांसाठी दोन इंच जाडीचा थर पुरतो. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद पसरावा, म्हणजे पिल्ले गादीऐवजी खाद्य टिपण्यास शिकतात. कागद खरखरीत असावा व रोज बदलावा. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. मोठ्या पक्ष्यांसाठी तीन-चार इंचांनी आरंभ करून थोडे थोडे कोरडे तूस घालीत थर सहा इंचांपर्यंत न्यावा. वर सांगितलेल्या ५६ चौरस फुटांच्या खुराड्यास चार इंच थरासाठी ५० ते ६० किलो तूस लागते. तितकेच तूस पावसाळ्यातील भरीसाठी कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर, ताडपत्रीखाली साठवून ठेवावे. झडीच्या दिवसांत ओले तूस विकत आणून घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी घालणे होय.

अंडी घालण्याच्या खोक्यांतील गादी निराळी ठेवावी. एक फूट लांब-रुंद असे एक खोके चार-पाच कोंबड्यांस पुरते. त्यात बारीक केलेला स्वच्छ पेंढा किंवा तूस असावे व आठवड्याने बदलावे. अंडी स्वच्छ निघाली, तर त्यांना बाजारात भाव मिळतो व ती टिकतातही.

दैनंदिन निगा

निगेचे काम रोजचे, पण थोड्या वेळाचे आहे. सकाळी पक्षी बाहेर सोडल्यावर पुढील गोष्टी कराव्यात.

बसण्याच्या दांडीखाली रात्रभराची विष्ठा साचते. तेथे फळी किंवा जुने गोणपाट ठेवून ते रोज झटकल्यास गादीवरील भार बराच कमी होतो. पाण्याचे भांडे विटांवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला येईल असे ठेवावे. खुराड्यात सर्वाधिक ओली जागा या भांड्याभोवतीच आढळते. ओल्या ढेपा दिसताच त्या उचलून बाहेर न्याव्यात. फोडून गादीतच मिसळू नयेत. रिकाम्या जागी कोरडे तूस घालावे.

दाताळ्याने सबंध गादी तळापर्यंत हलविण्याचे काम कोरड्या हंगामात आठवड्यातून दोन वेळा आणि पावसाळ्यात उघडीप पाहून रोज करावे. दुपारी मूठभर दाणे गादीवर विखुरल्यास पक्षी स्वतःच उकरून हे काम पुष्कळसे करतात. गादी हलविताना नाकातोंडावर फडके बांधावे. हे काम बहुधा घरातील स्त्रियाच करतात. त्यांना लांब दांड्याचे दाताळे मिळवून देणे ही लहानशी गोष्ट असली, तरी तिच्यामुळे काम टळत नाही.

चुना : उपयोग आणि गैरसमज

गादीला वास येऊ लागला की वरून चुना मारावा, अशी समजूत रूढ आहे. चुना ओल काही अंशी शोषतो व गादी मोकळी करतो, हे खरे. परंतु चुन्यामुळे गादीचा क्षारधर्म वाढतो व तिच्यात अडकलेला अमोनिया अधिक वेगाने वायुरूपाने बाहेर पडतो. ओल्या, वास मारणाऱ्या गादीवर चुना टाकून लगेच पक्षी आत कोंडले, तर त्या रात्री त्यांना अधिकच त्रास होतो. म्हणून आधी ओली गादी काढावी, मग उघड्या जमिनीवर किंवा उरलेल्या गादीत विरलेला चुना अल्प प्रमाणात मिसळावा, आणि हे सर्व पक्षी बाहेर असताना करावे. कळीचा चुना तसाच कधीही वापरू नये. त्याने पाय भाजतात. अमोनिया रोखून धरण्यासाठी चुन्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेटची पातळ फक्की गादीत नीट मिसळणे अधिक उपयुक्त ठरते. ते आम्लधर्मी असल्याने अमोनिया बांधून ठेवते व पुढे खताचाही कस वाढवते.

घाण गादीवर नुसता ताज्या तुसाचा थर पसरणे हाही तसाच दिखाऊ उपाय आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही; खाली कोंडलेली ओल चार दिवसांत वर येतेच.

गादी आणि रोग

ओल्या गादीशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो रक्ती हगवणीचा. सुमारे ३ ते ८ आठवडे वयाच्या पिल्लांत हा रोग विशेष आढळतो. या रोगाच्या सूक्ष्म जीवांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ती रोग पसरविण्यास समर्थ नसतात. ओल, ऊब व हवा मिळाली, तर एक-दोन दिवसांत ती समर्थ होतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. परंतु कोरडेपणा त्यांना मानवत नाही. याचा अर्थ असा की, जे काम औषधाची बाटली करू शकत नाही, ते दाताळे करू शकते. पिल्ले पंख पाडून गोळा होऊन बसलेली व विष्ठा रक्तमिश्रित दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा आणि गादी त्वरित बदलावी.

जंत, उवा, पिसवा व तळपायाच्या गळवांनाही ओली, घट्ट झालेली गादी कारणीभूत ठरते. मानमोडी किंवा देवी यांसारखे विषाणूजन्य रोग गादीमुळे उत्पन्न होत नाहीत. त्यांच्यासाठी लसीकरण हाच उपाय आहे. तथापि, अमोनियाने जर्जर झालेला पक्षी लसीचाही पुरेसा लाभ घेऊ शकत नाही.

पक्षी एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागले, तर गादी हलवू नये, बाहेर काढू नये व कोणास देऊ नये. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा पक्ष्यांबरोबरच अंडी, खाद्य व गादी यांचीही विल्हेवाट लावावी लागली. रोगग्रस्त खुराड्यातील गादी ओढ्यात किंवा शेतात टाकणे म्हणजे रोग गावभर वाटणे होय. अशा वेळी प्रथम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे व त्यांच्या देखरेखीखालीच पुढील कार्यवाही करावी.

गादीचे खत

वर्षभर नीट राखलेली गादी काढली जाते तेव्हा ती टाकाऊ वस्तू नसते. तिच्यात सुमारे ३ टक्के नत्र, २ टक्के स्फुरद व २ टक्के पालाश असते. शेणखतातील नत्र साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, हे लक्षात घेता तिचे मोल कळते. मात्र ताजी गादी पिकास थेट दिल्यास मुळे करपतात. शेण, पालापाचोळा व थोडे पाणी मिसळून तिचा ढीग करावा, मातीने झाकावा व दोन-तीन आठवड्यांनी उलथापालथ करावी. ढीग आतून चांगला तापला, म्हणजे रोगजंतू व तणांचे बी पुष्कळसे नष्ट होते. दोन-तीन महिन्यांनी मिळणारे भुसभुशीत, वासरहित खत परसातील भाजीपाल्यास व फळझाडांस उत्तम. जुनी गादी जनावरांच्या वैरणीत मिसळणे मात्र धोक्याचे असल्याने सर्वथा टाळावे.

पंचायत, शाळा आणि अधिकारी यांचे कर्तव्य

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हा विषय पंचायतींच्या कार्यक्षेत्रात अंतर्भूत आहे. पक्ष्यांचे वाटप झाले, म्हणजे हे कर्तव्य पुरे झाले असे नव्हे. लाभार्थ्यांची निवड करताना अर्जाबरोबर खुराड्याची पाहणी व्हावी. छप्पर गळत नाही ना, जोते उंच आहे ना, तुसाचा साठा केलेला आहे ना, हे तीन प्रश्न पक्षी देण्यापूर्वी विचारले जावेत. शक्यतो पिल्लांचे गट पावसाळ्याच्या तोंडावर न देता कोरड्या हंगामात द्यावेत. वाटपानंतर सहा महिन्यांनी किती पक्षी जिवंत आहेत, याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवली जावी. वाटलेल्या पक्ष्यांच्या आकड्यापेक्षा टिकलेल्या पक्ष्यांचा आकडा योजनेचे यश अधिक खरेपणाने सांगतो.

ज्या गावात भाताची गिरणी आहे, तेथील पंचायतीने अथवा महिला बचत गटाने उन्हाळ्यातच एकत्रित तूस खरेदी करून साठवल्यास प्रत्येक कुटुंबाचा खर्च व धावपळ वाचेल. शाळेतील शिक्षकांना परिसर अभ्यासात मुठीची परीक्षा, बाष्पीभवन आणि खत या विषयांची सांगड सहज घालता येईल. विद्यार्थ्याने घरी जाऊन आईला ‘गादीचा मुटका होतो आहे’ असे सांगितले, तर एखाद्या परिपत्रकापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

सुधारित जात, लस व संतुलित खाद्य यांवर शासनाचा व कुटुंबाचा पैसा खर्च होतो. तो खर्च सार्थकी लागणे न लागणे पुष्कळ अंशी चार इंचांच्या एका थरावर अवलंबून आहे. हा थर कोरडा ठेवण्यास रोजची १०-१५ मिनिटे, एक दाताळे आणि मृगापूर्वी साठवलेले तूस एवढेच लागते. एवढी दक्षता घेतली गेली, तर श्रावण सरताना खुराड्यातील कोंबड्यांची संख्या ज्येष्ठात होती तेवढीच राहील, आणि त्या कोंबड्यांच्या भरवशावर घरातील स्त्रीने मनाशी केलेला वर्षाचा हिशेबही मोडणार नाही.